कोलेस्टेरॉलसाठी स्टेरॉल: पैसे कुठे मोजावेत, कुठे मोजू नयेत

आधी निकाल सांगतो, मग हिशेब. ज्याचे एलडीएल कोलेस्टेरॉल थोडेच वाढलेले आहे आणि ज्याला डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही, त्याने प्लांट स्टेरॉलच्या कॅप्सूलची बाटली घेण्याआधी घरातले तेल, तीळ आणि भाकरी यांच्याकडे पाहावे. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याचे एलडीएल 190 च्या वर आहे, त्याने स्टेरॉलच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. त्याचा रुपया गोळीवर आणि तपासणीवर खर्च व्हावा. मधुमेह असलेल्यानेही गोळीचे आधी डॉक्टरांना विचारावे, कॅप्सूलचे नंतर.

हे ठणकावून सांगण्याचे कारण आहे. मुखेड, देगलूर, किनवटहून नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा निलंगा, उदगीर, अहमदपूरहून लातूरला तपासणीला येणाऱ्या माणसाचा खर्च डॉक्टरांच्या फीवर संपत नाही. एसटीचे भाडे, बुडालेला रोज, सोबत आलेल्या माणसाचे चहापाणी, सगळे त्यात येते. त्यावर मेडिकलच्या काउंटरवर किंवा मोबाइलवर ‘नैसर्गिक’, ‘वनस्पतीजन्य’, ‘साइड इफेक्ट नाही’ असे लिहिलेली बाटली समोर येते आणि महिन्याचे हजार-दोन हजार सहज जातात. स्टेरॉल खोटा नाही. त्याचा परिणाम माणसांवरच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. प्रश्न एवढाच, की आपण जे विकत घेतो त्यात तो किती आहे आणि तो कोणाच्या कामाचा आहे.

तो करतो काय

जनावरांच्या पेशीत जसे कोलेस्टेरॉल, तसे वनस्पतीच्या पेशीत स्टेरॉल. सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल ही त्यातली मुख्य नावे. दोघांची ठेवण इतकी सारखी, की आतड्यात शोषले जाण्यासाठी दोघांना एकाच वाहनाने जावे लागते. गच्च भरलेल्या एसटीत स्टेरॉलने जागा धरली की कोलेस्टेरॉलला खालीच राहावे लागते आणि ते शौचावाटे बाहेर पडते. गंमत अशी, की स्टेरॉल स्वतः शरीरात फारसा शिरत नाही. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी साधारण निम्मे शोषले जाते, स्टेरॉलचे मात्र 5 टक्क्यांहून कमी. आतड्यातले कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ अंड्या-मटणातले नव्हे. यकृत पित्तावाटे रोज आतड्यात कोलेस्टेरॉल सोडते, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही स्टेरॉलचा उपयोग होतो.

सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक गोष्ट जवळची वाटेल. 1951 साली अमेरिकेत कोंबडीच्या पिलांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि सोबत सोयाबीनमधला स्टेरॉल दिला, तेव्हा रक्तातली वाढ रोखली गेली. पुढे 1995 साली फिनलंडमध्ये स्टॅनॉल, म्हणजे स्टेरॉलचाच भाऊबंद, घातलेले मार्गारीन दुकानात आले. आज कॅप्सूलमध्ये भरला जाणारा स्टेरॉल मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: सोयाबीनसारखी तेले शुद्ध करताना निघणारा उपपदार्थ आणि पाइनच्या लाकडाचा लगदा.

मात्रा किती लागते

दिवसाला दीड ते 3 ग्रॅम स्टेरॉल जेवणासोबत घेतला तर एलडीएल साधारण 7 ते 12 टक्के उतरते आणि ते दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागते. 3 ग्रॅमच्या पुढे घेऊन फायदा वाढत नाही. एलडीएल 150 असेल तर 10 टक्के म्हणजे 15 अंक, म्हणजे 135. यापलीकडे आशा ठेवू नये. अॅटोरव्हास्टॅटिनची 10 मिलिग्रॅमची एक गोळी तेच एलडीएल साधारण एक तृतीयांशाने खाली आणते.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही, म्हणून इथे सांगायला हवी. अॅटोरव्हास्टॅटिनसारख्या स्टॅटिन गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. स्टेरॉलने एलडीएल कमी होते हे सिद्ध आहे, पण त्यामुळे झटके कमी होतात असे दाखवणारी चाचणी झालेली नाही. म्हणूनच इंग्लंडची आरोग्य-मार्गदर्शक संस्था नाइस सरसकट स्टेरॉल सुचवत नाही, तर युरोपातली हृदयतज्ज्ञांची संघटना काही रुग्णांत आहाराच्या जोडीला त्याचा विचार करता येईल असे म्हणते.

आपल्या ताटात तो किती आहे

आता मराठवाड्याचे नेहमीचे ताट घेऊ. दिवसभरात 300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, वरण किंवा उसळ, 30 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, दोन वेळच्या चटणीत मिळून 15 ग्रॅम तीळ आणि 10 ग्रॅम जवस, भाजी-फळे, आणि स्वयंपाकाला माणशी 25 ग्रॅम सोयाबीनचे तेल. ज्वारीत 100 ग्रॅमला 50 मिलिग्रॅमच्या आसपास स्टेरॉल असतो, म्हणजे भाकरीतून दीडशे. तिळात 100 ग्रॅमला 400 ते 700, म्हणजे चटणीतून 60 ते 100. शेंगदाण्यातून 40 ते 65, तेलातून साठेक, जवसातून वीसेक, डाळीतून चाळीसेक, भाजी-फळांतून पन्नासेक. सगळी बेरीज सव्वाचारशे ते पाचशे मिलिग्रॅमच्या दरम्यान जाते.

जगभर साधारण आहारात 200 ते 400 मिलिग्रॅम मिळतो असे मानतात. म्हणजे भाकरी-चटणीचे आपले जुने ताट त्या मोजमापात वरच्या बाजूला बसते. पांढऱ्या ब्रेडवर, मैद्याच्या बिस्किटांवर आणि पामतेलात तळलेल्या फरसाणावर दिवस काढणारा माणूस याच्या निम्म्यावरही पोचणार नाही. पाव आणि फरसाण आले, चटणी गेली, यात आपण काय घालवले ते या आकड्यांतून कळते.

तरीही चाचण्यांतली 2 ग्रॅमची मात्रा आणि ताटातला अर्धा ग्रॅम यांत चौपट अंतर आहे. ते तिळाने भरून काढायचे तर रोज साधारण 215 ते 375 ग्रॅम तीळ खावे लागतील. शेंगदाण्याने भरायचे तर किलोभर. कुणीही असे करू नये, आणि ‘तीळ खा, गोळी बंद करा’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. मग अर्धा ग्रॅम वाया जातो का? नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या संशोधकांनी 2002 साली मक्याच्या तेलातला नैसर्गिक स्टेरॉल काढून टाकला आणि तेच तेल लोकांना दिले. कोलेस्टेरॉलचे शोषण 38 टक्क्यांनी वाढले. परत स्टेरॉल मिसळला तेव्हा ते पुन्हा उतरले. म्हणजे तेलात मुळात असलेली थोडी मात्राही गुपचूप काम करत असते. ज्वारीच्या बाबतीत नेब्रास्का विद्यापीठाने 2005 मध्ये दाखवले, की तिच्यातल्या स्निग्धांशाने हॅमस्टर प्राण्यांत कोलेस्टेरॉलचे शोषण घटते. तो प्राण्यांवरचा प्रयोग आहे, भाकरी खाणाऱ्या माणसांवरचा नाही, एवढे लक्षात ठेवून तो वाचावा.

लातूर भागात येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायला गेलेल्यांनी भज्जी आठवावी. वाटाणा, ओला हरभरा, तुरीचे दाणे, शेंगदाणे, सोबत ज्वारीचे उंडे आणि अंबील. डाळी, दाणे आणि भरड धान्य यांचे इतके चांगले एकत्रीकरण कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात क्वचित सापडेल. वर्षातून एकदा होणारे हे जेवण थोड्या प्रमाणात दर आठवड्याला करायला कुणाची हरकत नाही.

खरा फरक तेलाच्या डब्यात

घरखर्चात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त स्टेरॉल देणारी जागा म्हणजे तेलाचा डबा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात कच्च्या तेलांचे जे पट्टे दिले आहेत, ते 100 ग्रॅमला मिलिग्रॅममध्ये असे बसतात: पामतेल 30 ते 70, शेंगदाणा तेल 90 ते 290, सोयाबीन 180 ते 450, करडई 210 ते 460, सूर्यफूल 240 ते 500, तीळतेल 450 ते 1900 आणि राइस ब्रान, म्हणजे भाताच्या कोंड्याचे तेल, 1050 ते 3100. रिफाइन करताना यातला काही भाग निघून जातो, म्हणून हिशेबाला खालचा आकडा धरलेला बरा.

आता चार माणसांच्या घराचा महिना धरू. माणशी रोज 25 ग्रॅम म्हणजे महिन्याला 3 किलो, साधारण 3.3 लिटर तेल. समजा सोयाबीन तेल लिटरला 145 रुपये आणि राइस ब्रान 160 रुपये. भाव रोज हलतात, आपल्या दुकानातले आकडे इथे घालावेत. फरक महिन्याला सुमारे 50 रुपये, म्हणजे माणशी 12-13 रुपये. त्याबदल्यात प्रत्येकाला रोज जवळपास 200 मिलिग्रॅम स्टेरॉल जास्त मिळतो आणि ताटाची बेरीज साडेसहाशेच्या आसपास जाते. माणशी 12-13 रुपयांत एवढी भर दुसऱ्या कशातूनही पडत नाही. चव न रुचल्यास एक महिना हे, एक महिना ते असे करावे.

करडईबद्दल मात्र माझे मन वेगळे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई डोलायची आणि तिचेच तेल घरोघर असायचे. सोयाबीन आणि हरभऱ्याने तिची जागा खाल्ली. लाकडी घाण्याचे करडई तेल आज पाकिटातल्या सोयाबीन तेलाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भावाने मिळते. केवळ स्टेरॉलसाठी एवढा फरक देणे परवडत नाही, कारण त्यातला स्टेरॉल सोयाबीनच्याच पट्ट्यात आहे. चव, ताजेपणा आणि आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या पिकासाठी घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, पण डोळ्यांसमोर घाणा चालतो तिथून, लहान बाटलीत, आणि महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच.

पाकीट हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांचे जादा पैसे देऊ नयेत, कारण कोणत्याच वनस्पती तेलात नाव घेण्याइतके कोलेस्टेरॉल नसते. मिश्र तेलावर कोणते तेल किती टक्के हे छापलेले असते. पुढे करडईचे चित्र मोठे आणि मागे तिचा वाटा 20 टक्के असे असू शकते, कारण मिश्रणात प्रत्येक तेल किमान 20 टक्के असावे एवढीच अट आहे. तिसरे, पाकीट पूर्ण लिटरचे आहे की दिसायला तेवढेच आणि आत कमी, ते छापील वजनावरून ताडावे.

आणि तेल कोणतेही असो, राइस ब्रानमध्ये स्टेरॉल जास्त म्हणून दोन वाट्या जास्त ओतल्या तर वजन वाढेल आणि मिळवलेले सगळे जाईल. माणशी महिन्याला 750 ते 800 ग्रॅम ही वरची रेघ समजावी.

तीळ, शेंगदाणे आणि हमीभाव

केंद्राने 2025-26 च्या खरिपासाठी तिळाचा हमीभाव क्विंटलला 9,846 रुपये, कारळ्याचा 9,537, भुईमुगाच्या शेंगांचा 7,263, सोयाबीनचा 5,328 आणि मालदांडी ज्वारीचा 3,749 रुपये ठरवला. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात तिळाला किलोमागे शंभरच्या आत-बाहेर पडावेत अशी अपेक्षा, आणि आपण लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या मोंढ्यात त्याच्या दीड-दोन पट देतो. किलोला 200 रुपये धरले तर माणशी रोजच्या 15 ग्रॅम तिळाचा खर्च 3 रुपये, महिन्याला 90. घरच्या रानातले तीळ असतील तर तेही नाहीत. आख्खे तीळ न चावता गिळले जातात, म्हणून चटणी कुटून करावी. शेवेच्या किंवा भज्यांच्या जागी चटणी आली पाहिजे. त्यांच्या सोबत आली तर 85 उष्मांक उगाच वाढतील.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर

ज्याचे एलडीएल सीमेवर आहे, ताट सुधारले आहे आणि डॉक्टरांनी होकार दिला आहे, त्याने बाटलीवरचा हिशेब स्वतः करावा. उदाहरणासाठी 60 कॅप्सूलची बाटली 900 रुपयांना धरू, एका कॅप्सूलमध्ये 400 मिलिग्रॅम स्टेरॉल. बाटलीत एकूण 24 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला साडेसदतीस रुपये, 2 ग्रॅमसाठी दिवसाला 5 कॅप्सूल, 75 रुपये रोज, महिन्याला 2,250. बाटली महिनाभर पुरेल असे वाटते, पुरते 12 दिवस. ‘दिवसाला एक’ असे छापलेल्या बाटलीतून 400 मिलिग्रॅमच मिळतील, ज्यातले निम्मे वर फक्त तेल बदलूनच मिळाले.

इथे एक बारकावा खिशाला फार लागतो. लेबलवर ‘प्लांट स्टेरॉल एस्टर 1000 मिलिग्रॅम’ असेल तर त्यातला प्रत्यक्ष स्टेरॉल सुमारे 600 मिलिग्रॅम असतो, कारण एस्टरमध्ये स्निग्धाम्लाचे वजनही धरलेले असते. दोन कंपन्यांची तुलना करताना एकाचा एस्टर आणि दुसऱ्याचा शुद्ध स्टेरॉल असे मोजू नये. बीटा-सिटोस्टेरॉलच्या नावाने प्रोस्टेटसाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये मात्रा खूप लहान असते. कोलेस्टेरॉलसाठी त्या घेणे म्हणजे पैसे पाण्यात. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नये, मुख्य जेवणासोबतच घ्यावी, नाहीतर ती काम करत नाही.

स्टेरॉल मिसळलेल्या खाद्यपदार्थांवर आपल्या कायद्याने स्पष्ट इशारे छापावे लागतात: दिवसाला 3 ग्रॅमपेक्षा जास्त नको, कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, आणि गरोदर व स्तनदा माता आणि 5 वर्षांखालील मुलांसाठी ते योग्य ठरेलच असे नाही. पूरक आहाराच्या बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना आणि 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा. यातले काही नसेल तर बाटली परत काउंटरवर ठेवावी. सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्या माणसात स्टेरॉल बाहेर न पडता रक्तात साठतो आणि लहान वयात हृदयाला धोका होतो. घरात कुणाला कोवळ्या वयात झटका आला असेल किंवा मुलाच्या कातडीवर, कोपर-गुडघ्यांवर पिवळसर गाठी असतील, तर कॅप्सूल न घेता आधी तज्ज्ञाला दाखवावे. रोज मोठी मात्रा घेतली की रक्तातले बीटा-कॅरोटीन थोडे घटते, म्हणून गाजर, पालक, शेवग्याचा पाला, पपई ताटात असावीत.

तपासणी आणि गोळीचा खर्च

पहिला रुपया लिपिड प्रोफाइलवर जावा. खासगी लॅबमध्ये ती साधारण 400 ते 800 रुपयांत होते. दोन लॅबना फोन करून विचारावे आणि ‘फुल बॉडी’ पॅकेजच्या मागे लागू नये. सोबत थायरॉइडची टीएसएच करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावले तरी कोलेस्टेरॉल वाढते आणि मग स्टेरॉलचा उपयोग नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. नांदेडला श्री गुरुगोविंदसिंगजी स्मारक जिल्हा रुग्णालयात, उदगीर-निलंग्याच्या बाजूला जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी विचारावे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वेगळ्या खात्याकडे आहे, तिथे शासकीय दराने शुल्क लागते. उपाशीपोटी जाण्यासाठी पहाटेची एसटी पकडून हाल काढण्याचीही बहुतेकांना गरज नसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले नसेल तर जेवल्यानंतरचा नमुनाही चालतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने 2024 मध्ये सांगितलेली उद्दिष्टे अशी: धोका कमी असलेल्यांचे एलडीएल 100 च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचे 70 च्या खाली, झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचे 55 च्या खाली. 150 वरून 55 पर्यंतचे अंतर कुठलीही चटणी किंवा कॅप्सूल कापू शकत नाही. त्यासाठी गोळीच लागते, आणि ती महाग नाही. अॅटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिची कमाल किंमत सरकार ठरवते, आणि जनऔषधी केंद्रात रोजचा खर्च दोन-तीन रुपयांच्या आत बसतो. 75 रुपये रोजाची कॅप्सूल 10 टक्के उतरवते आणि 3 रुपयांची गोळी तिप्पट, हे ज्याला गोळीची गरज आहे त्याने विसरू नये. गोळी चालू असताना सोबत स्टेरॉल घेतला तर त्याची थोडी भर पडते, पण ते डॉक्टरांना सांगून.

कॅप्सूल सुरू केलीच तर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा लिपिड प्रोफाइल करावे. एलडीएल सात-आठ टक्केही उतरले नसेल तर बाटली बंद करावी. एकाला लागू पडते, दुसऱ्याला नाही, असे होते.

प्रत्येक खरेदीची पावती घ्या, तेलाची आणि कॅप्सूलचीही. लेबलवर खोटा दावा दिसला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.